कॉम्प्युटरची पाठ

आयटीआयमध्ये ‘कोपा’ या कॉम्प्युटर ट्रेडची नवी तुकडी आली की पहिल्या आठवड्यात मी मुलांना कॉम्प्युटर सुरू करू देत नसे. कॅबिनेट उलटं फिरवायचं, धूळ पुसायची आणि मागच्या प्रत्येक भोकाची आकृती वहीत काढायची, हे पहिलं प्रात्यक्षिक. भोक कशाचं, पिना किती, त्या बाहेर आलेल्या की आत दडलेल्या, आणि त्यात कोणती वायर जाते. अभ्यासक्रमात ‘पोर्ट, केबल व कनेक्टर ओळखणे’ एवढ्या एका ओळीत हे उरकलेलं असतं. शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली त्या सगळ्या काळात मला मात्र हाच भाग सर्वांत मोलाचा वाटत आला. पडद्यावर दिसतं ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. पाठीमागे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी अजून टिकून असतात.

कनेक्टरचा आकार उगीच ठरत नाही. कुणीतरी, कुठेतरी, पुढच्या अनोळखी माणसासाठी त्यात सूचना घालून ठेवलेली असते: हे इथे जातं, असं जातं, आणि याच्या आधी ते जातं. ती सूचना वाचता आली की यंत्राची भीती जाते. मुंबईत ती वाचायला शिकलेल्यांत मी इंजिनियर थोडे आणि वायरमन, रेडिओ मेकॅनिक, केबलवाले जास्त पाहिले. मी त्यांच्याकडून शिकले, म्हणून त्यांच्या बाजूने हे लिहिते आहे.

मी राहते शीवला. जन्म लालबागचा, चाळ धोकादायक ठरली तेव्हा आम्हाला प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात आणलं आणि पुढे शीवच आमची झाली. निदेशकाचं प्रशिक्षणही मी इथेच घेतलं, वि. ना. पुरव मार्गावरच्या एटीआयमध्ये. आता तिला नॅशनल स्किल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट म्हणतात. आयटीआयत शिकवणाऱ्यांना शिकवणारी ही संस्था आहे. लेथ, वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स असे ट्रेड शिकवायला निघालेले वेगवेगळ्या राज्यांतले लोक तिथे येतात. शीवच्या लोकांना हॉस्पिटल ठाऊक असतं, किल्ला ठाऊक असतो. ही संस्था फार थोड्यांना ठाऊक असते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

किल्ल्याचं म्हणाल तर तो इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला, मुंबई बेटाच्या टोकावरून पलीकडच्या साष्टीवर नजर ठेवायला. साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, नंतर ती मराठ्यांनी घेतली. ती सीमा केव्हाच पुसली, पण त्याच जागी दुसरी एक अजून चालू आहे आणि ती विजेच्या बिलावर दिसते. ‘बेस्ट’ची वीज कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत. तिथून पुढे चुनाभट्टी-कुर्ल्याकडे मीटर दुसऱ्या कंपनीचं. कंपन्या वेगळ्या, दर वेगळे, तक्रारीचे नंबर वेगळे. तरी कुर्ल्याहून शीवला बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला आपला मिक्सर चालेल का, असा प्रश्न कधी पडत नाही. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि भिंतीत तेच गोल पिनांचं सॉकेट. कनेक्टरची खरी कमाई मला तिथे दिसते. आपसात कसलाही संबंध नसलेल्या दोन पक्षांनी एक आकार मान्य केलेला असतो, म्हणून तिसऱ्या माणसाचं काम अडत नाही.

गोल पिनांचा हा प्लग इंग्रजांकडून आला. त्यांनी स्वतः तो पुढे बहुतेक ठिकाणी सोडून दिला आणि चौकोनी पिना घेतल्या, आपण ठेवला. माझं पहिलं प्रात्यक्षिक याच प्लगवर झालं, आणि निदेशक होते आमचे आबा. ते परळच्या एका गिरणीत वायरमन होते. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली आणि गिरण्या वाफेकडून विजेच्या मोटरींकडे वळत गेल्या. आबांची नोकरी त्या बदलाचं नातवंड. त्यांनी मला थ्री पिन हातात देऊन विचारलं होतं, वरची पिन जाड का आणि लांब का? जाड अशासाठी की ती खालच्या भोकांत शिरूच नये. लांब अशासाठी की प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी लागावं आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावं. “आधी जमीन, मग वीज,” असं ते म्हणत. हे वाक्य मी पुढे प्रत्येक तुकडीला सांगितलं. ते कॉम्प्युटरच्या पाठीवर कुठे कुठे भेटतं ते पुढे येईलच.

कॉम्प्युटरच्या पाठीवरचं सर्वांत जुनं भोक म्हणजे हेडफोनचं. मुलांना हे खरं वाटत नाही. साडेतीन मिलिमीटरचा तो जॅक ज्या मोठ्या जॅकचं धाकटं रूप आहे, तो पाव इंची जॅक टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली. बोर्डावर ओळीने भोकं, समोर वजनाने ताणलेल्या दोऱ्या, दोरीच्या टोकाला पितळी प्लग. बोलावणं आल्याची खूण म्हणून ग्राहकाचं झाकण पडलं की ऑपरेटर बाईने एक प्लग त्याच्या भोकात घालायचा, नंबर विचारायचा आणि जोडीचा दुसरा प्लग हव्या त्या भोकात घालायचा. दिवसभरात हजारो वेळा घालून-काढूनही जो झिजणार नाही, न बघता घालता येईल आणि कोणत्याही बाजूने फिरवला तरी बसेल, असा आकार हवा होता. म्हणून तो गोल. त्याच्या टोकाला टिप, मधल्या पट्टीला रिंग आणि मागच्या भागाला स्लीव्ह म्हणतात. टेलिफोन लाइनच्या दोन तारांना आजही लाइनमन टिप आणि रिंग म्हणतात, समोर बोर्ड उरला नसला तरी. पोर्ट ओळखून केबल जोडणं हा पगारी धंदा म्हणून पहिल्यांदा ज्यांनी केला, त्यांत या ऑपरेटर बाया होत्या. हार्डवेअर हे मुलांचं काम, असं मानून माझ्या वर्गात मुली मागच्या बाकावर सरकत. तेव्हा मी बोर्डापासूनच सुरुवात करत असे.

दुसरं घराणं इंग्रजी डी आकाराचं. एक बाजू रुंद, दुसरी अरुंद, म्हणून उलटं जाणार नाही. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने हा कनेक्टर १९५२ साली आणला. पत्र्याचं कवच, दोन्ही बाजूंना स्क्रू. धक्के सोसायला बनलेली वस्तू. १९६० साली टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी आरएस-२३२ नावाचं मानक ठरलं आणि पुढे पंचवीस पिनांचा डी त्याचा नेहमीचा सोबती झाला. त्याच साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफरॅक’ पूर्ण झाला. आपल्या देशात आपल्या माणसांनी बांधलेला तो खोलीभर कॉम्प्युटर. बांधणारे आणि वापरणारे एकाच संस्थेत होते. परक्या कुणाचं यंत्र आणून त्याला लावावं, असा प्रश्न फारसा नव्हता. पोर्ट लागतं ते परका माणूस दारात आला की.

परके आमच्याकडे आले ते बँकांतून. कॉम्प्युटरला संघटनांचा विरोध होता; १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापनांत करार झाला आणि शाखांत यंत्रं येऊ लागली. पुढे नव्वदच्या दशकात कितीतरी शाखांत एका मुख्य यंत्राला काळ्या पडद्याचे टर्मिनल सीरियल वायरने जोडलेले असत. त्या वायरींची गंमत अशी की पंचवीस पिनांतल्या बहुतेक रिकाम्या राहत. आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीत नऊ पिनांवर भागवलं. पण भागवताना दोन आणि तीन नंबरची अदलाबदल झाली. पंचवीस पिनीत कॉम्प्युटर दोन नंबरवरून बोलतो आणि तीनवर ऐकतो. नऊ पिनीत दोनवर ऐकतो आणि तीनवरून बोलतो. जमिनीची तार पंचवीसात सात नंबरला, नवात पाच नंबरला. हे ज्याला पाठ, त्याला फोर्टात काम मिळे. शाखेतल्या साहेबांना वाटे की कॉम्प्युटर बिघडला आहे. हार्डवेअरवाला मुलगा येई, कवच उघडे, दोन तारा कथिलाच्या थेंबाने इकडच्या तिकडे करी आणि चहा पिऊन जाई.

मी मुलांना स्पर्शाने ओळखायला लावत असे, कारण मुंबईत कॉम्प्युटरची पाठ दिसतच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत टेबल भिंतीला टेकवलेलं, वर कपड्यांची दोरी, खाली तांदळाचा डबा. हात मागे घालून बोटानेच ठरवायचं. डी आहे, पिना लागल्या तर सीरियल, पंचवीस भोकं लागली तर प्रिंटर. पंधरा भोकं दोन ओळींत असतील तर जॉयस्टिकचं, तीन ओळींत असतील तर मॉनिटरचं. गोल आणि मोठं असेल तर जुना पाच पिनी की-बोर्ड. त्या पाच पिनी गोलावर जर्मन मानक संस्थेचं नाव आहे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या पाठीवर अशी दोन गोल भोकं शेजारी शेजारी होती, एक की-बोर्डचं आणि एक कॅसेट प्लेयरचं. आकार तोच, काम वेगळं. कनेक्टर करणाऱ्याने याहून मोठा अन्याय जोडणाऱ्यावर करू नये, असं मी तेव्हा वर्गात म्हणत असे. तोच अन्याय पुढे पुन्हा भेटेल, हे तेव्हा ध्यानीमनी नव्हतं.

हे जोडणारे हात आले कुठून? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. लालबाग-परळच्या मुलांच्या हातांचं पुढे काय झालं, याबद्दल कमी. आमच्या चाळीतले काही टीव्ही दुरुस्ती शिकले. मुंबई दूरदर्शन १९७२ चं आणि ८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं होतं, त्यामुळे घरोघरी सेट वाढत होते. दहा वर्षांनी यातलेच काही हात कॉम्प्युटरवर आले. गिरणीतल्या वायरमनचा मुलगा, हातात टेस्टर आणि मल्टिमीटर, इंग्रजी तुटकं, पण सर्किटची भीती नाही.

त्यांचं विद्यापीठ लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. शीवहून दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रेडिओच्या व्हॉल्व्हपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत, मग टीव्हीचे सुटे भाग, मग कॉम्प्युटरचे, अशी तिथली दुकानं माल बदलत गेली. बदलला नाही तो व्यवहार. काउंटरवर जुना तुकडा ठेवायचा आणि म्हणायचं, “याची मादी द्या.” दुकानदार न बघता मागच्या खणातून काढी. नाव नसलं तरी चाले, नमुना हवा. अर्ध्या ‘सीपीयू’चे पैसे असतील तर अर्धाच घ्यायचा, बाकी पुढच्या पगाराला. मध्यमवर्गीय मराठी घरांत पहिला कॉम्प्युटर अनेकदा असाच आला, कंपनीच्या खोक्यातून नव्हे तर भाच्याने किंवा शेजारच्या पोराने जोडून दिलेला.

त्या जोडणीत जीव मुठीत धरायचा क्षण एकच होता. जुन्या एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायमधून मदरबोर्डकडे दोन प्लग येत, पी-एट आणि पी-नाइन. सहा-सहा तारांचे, दिसायला जुळे. दोन्ही शेजारी बसतात आणि त्यांची अदलाबदल करूनही बसवता येतात. अदलाबदल झाली की बोर्ड जळला, महिन्याभराची कमाई गेली. बचावाचा नियम तोंडी चाले: काळ्याशेजारी काळी. दोन्ही प्लगच्या काळ्या, म्हणजे जमिनीच्या, तारा मध्ये एकत्र आल्या पाहिजेत. पुस्तक नसलेल्या धंद्यात नियम असा चार शब्दांत मावावा लागतो. १९९५ साली एटीएक्स आलं, वीस भोकांचा एकच प्लग, खाचेशिवाय न बसणारा, आणि तो नियम एका दिवसात निरुपयोगी झाला. मला आनंदच झाला. ज्या चुकीला आकारानेच मज्जाव करता येतो, ती माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडू नये.

पट्टी केबलींचंही तसंच. हार्डडिस्कची चाळीस तारांची, फ्लॉपीची चौतीसची. कडेची तार लाल. ती एक नंबरच्या पिनेकडे. फ्लॉपीच्या पट्टीत मध्येच काही तारा पिळलेल्या असत. मुलांना ते कारखान्यातलं वैगुण्य वाटे. तो पीळ मुद्दाम होता. दोन्ही ड्राइव्हना एकच नंबर देऊन ठेवायचा. पिळाच्या पलीकडे बसतो तो ए, अलीकडे बसतो तो बी. जोडणाऱ्याने जंपर बदलत बसू नये म्हणून केबलनेच काम उचललं. इतकी सुंदर युक्ती मी क्वचित पाहिली आहे.

प्रिंटरच्या कनेक्टरची कथा मात्र युक्तीची नाही, शिलकी मालाची आहे. प्रिंटरच्या बाजूचा तो छत्तीस पिनी, दोन्हीकडे तारेच्या कड्या असलेला रुंद प्लग सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० च्या प्रिंटरवरून आला. ही कंपनी वँग लॅबोरेटरीजमधून निघालेली, आणि वँगकडे एका कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले असे वीस हजार कनेक्टर पडून होते. ते वापरून टाकले. पुढची तीस वर्षं जगभरच्या आणि आमच्या परीक्षा विभागाच्याही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तेच बसले. बाजारात पडून असलेल्या मालावर मानकं उभी राहतात, हे लॅमिंग्टन रोडवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या गच्च्यांवरून काळ्या तारा लोंबकळू लागल्या. ९१ च्या आखाती युद्धापाठोपाठ केबल टीव्ही पसरला आणि प्रत्येक गल्लीत एक केबलवाला तयार झाला. त्याच सुमारास ऑफिसांत नेटवर्क येत होतं, तेही गोल कोअॅक्सियल तारेवर आणि पिळून बसवायच्या बीएनसी कनेक्टरवर. एका तारेवर ओळीने सगळी यंत्रं, प्रत्येकाला एक टी, आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं टर्मिनेटर. एकूण लांबी १८५ मीटरच्या आत. टीव्हीची तार पंचाहत्तर ओहमची. दोन्ही काळ्या, दोन्हींत मध्ये तांबं, भोवती जाळी. स्वस्त पडते म्हणून टीव्हीची तार नेटवर्कला वापरली की विचित्र आजार सुरू होत. मध्येच यंत्र दिसे, मध्येच नाहीसं होई. रोध बदलतो त्या ठिकाणाहून सिग्नल परततो आणि पुढच्या सिग्नलवर आदळतो. टर्मिनेटर काढलं तरी तेच. टर्मिनेटर म्हणजे टोकाला बसवलेला नुसता एक रोध, वरवर काही न करणारा तुकडा, म्हणून साफसफाईत तो पहिला हरवायचा आणि सगळं ऑफिस बंद पडायचं.

मग आठ तारांची निळी केबल आली, दोन-दोनच्या पिळात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मुलं पाढ्यासारखा म्हणत. हिरवीची जोडी फोडून तिच्यामध्ये निळी का घुसवली, हे मात्र क्वचितच कुणी विचारी. उत्तर टेलिफोनमध्ये आहे. टेलिफोनच्या प्लगमध्ये लाइनची जोडी मधोमध असते, त्याच चौथ्या-पाचव्या जागेवर निळी जोडी ठेवली, म्हणजे जुनी फोनची वायरिंग पद्धत नव्या प्लगमध्ये मोडत नाही. फोनसाठी ठरलेली जागा आजही नेटवर्कच्या केबलमध्ये टिकून आहे. केबलवाल्यांनी हीच केबल गच्चीवरून गच्चीवर टाकून शीव-कोळीवाड्यात घरोघरी इंटरनेट दिलं. उन्हाने वरचं आवरण तडकलेलं, जोडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, तरी चालत होतं.

२६ जुलै २००५ च्या पावसाचं शीवच्या माणसाने वेगळं सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. गांधी मार्केट, किंग्ज सर्कल, रोड नंबर २४, जिथे एरवीही तुंबतं तिथे माणूस बुडेल इतकं पाणी. त्यानंतर कितीतरी दिवस तळमजल्यांवरची यंत्रं दुरुस्तीला येत होती, आणि ती उघडताना कनेक्टर कशाकशाचे बनतात ते एखाद्या प्रयोगशाळेत दिसावं तसं दिसलं. पितळेवर आणि तांब्यावर हिरवा थर. पत्र्याच्या कवचावर तांबडा गंज. आणि मेमरीच्या पट्ट्यांचे सोन्याचा मुलामा दिलेले दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पुन्हा लखलखीत. दोन धातूंमध्ये गंजाचा पापुद्रा आला की सिग्नल अडतो, म्हणून संपर्काच्या जागी सोनं; दागिन्याच्या हौसेने नव्हे. त्या पावसाने माझ्या एका तुकडीला हे असं शिकवलं की मला फळ्यावर लिहावंच लागलं नाही.

रंग आले ते उशिरा. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी पीसी-९९ नावाच्या शिफारशींत ठरवलं: की-बोर्ड जांभळा, माउस हिरवा, स्पीकर पोपटी, माइक गुलाबी, मॉनिटर निळा. १९८७ पासून की-बोर्ड आणि माउस यांची सहा पिनी भोकं अगदी एकसारखी होती. रंगांनी ती बारा वर्षांची भांडणं मिटवली. पण त्याच वेळी सगळी भोकं बंद पाडणारं भोक आलं होतं. जानेवारी १९९६, यूएसबी. इंटेलमधल्या ज्या गटाने ते घडवलं त्याचे प्रमुख अजय भट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. त्या विद्यापीठाचं नाव मी वर्गात मुद्दाम घेत असे. चार तारा: लाल पाच व्होल्ट, काळी जमीन, मधल्या पांढऱ्या आणि हिरवीतून माहिती. प्लग निरखून पाहिला तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा लांब दिसतात. वीज आणि जमीन आधी लागतात, बोलणं नंतर सुरू होतं, काढताना उलट. आबांच्या थ्री पिनचा नियम पुन्हा. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आबा नव्हते. त्यांना दाखवायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

यूएसबीचा चपटा प्लग पहिल्या खेपेला उलटा लागतो, ही सगळ्यांचीच तक्रार. दोन्हीकडून जाणारा केला असता तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं भट यांनी नंतर सांगितलं आहे. तो खर्च २०१४ च्या टाइप-सीने उचलला. चोवीस संपर्क, वरखाली सारखेच, उलटं-सुलटं काही नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी तो सक्तीचा केला. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही २०२३ च्या जानेवारीत त्याचं मानक प्रसिद्ध केलं. चार्जरांचा ढीग कमी होईल, हे चांगलंच.

पण पाच पिनी गोलांचा तो जुना अन्याय इथे परत आलाय. टाइप-सीची केबल हातात घेतली तर ती काय करू शकते हे तिच्या आकारावरून कळत नाही. एक फक्त फोन चार्ज करण्यापुरती, आणि माहिती नेते ती २००० सालच्या वेगाने, सेकंदाला ४८० मेगाबिट. दुसरी दिसायला तीच, पण मॉनिटर चालवते. तिसरी लॅपटॉपला शंभर वॉट आणि त्याहून जास्त पुरवते, कारण तिच्या टोकात एक बारीक चिप आहे, जी आधी चार्जरला सांगते की मला एवढा प्रवाह झेपतो. भोकाचंही तेच: एका लॅपटॉपच्या दोन टाइप-सी भोकांपैकी एकातून चित्र येतं, दुसऱ्यातून येत नाही, आणि बाजूचं चिन्ह भिंगाखेरीज दिसत नाही. घरोघरी लोक “केबल खराब आहे” म्हणून चांगल्या केबली फेकतात. आता सगळं सारखंच झालं, मग पोर्ट ओळखण्याचं प्रात्यक्षिक कशाला, असं मला तरुण सहकारी विचारतात. मला उलट वाटतं. आकार बोलत होता तोवर माणूस गप्प राहिला तरी चालत होतं. आकार गप्प झाल्यावर जोडणाऱ्याला पुन्हा विचारायला शिकवावं लागेल: यातून वीज किती, माहिती किती, चित्र जातं का, टोकात चिप आहे का?

फायबरने निदान रंग तरी ठेवलाय. घरातल्या राउटरजवळची ती बारीक पिवळी किंवा पांढरी तार, तिच्या टोकाचा प्लग हिरवा असेल तर काचेचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं आहे, निळा असेल तर सरळ. परतणारा प्रकाश बाजूला जावा म्हणून तो तिरकेपणा. टर्मिनेटर हरवल्यावर परतणाऱ्या सिग्नलचं दुखणं तेच, औषध नवं. हिरव्यात निळा कोंबला तर दोन्ही टोकं खराब होऊ शकतात. बसवायला येणारी मुलं बहुतेक हे जाणतात. त्यांतली काही आयटीआयची असतात आणि मला मॅडम म्हणून हाक मारतात.

सरकारी संस्थांत जुनं यंत्र बाद झालं की त्याचं निर्लेखन होतं, मग लिलाव, मग भंगार. शीव स्टेशनच्या पश्चिमेला धारावी. तिथल्या १३ कंपाउंडसारख्या ठिकाणी शहराचा टाकलेला माल सुटा होतो, आणि वायर सोलून निघालेलं तांबं किलोवर जातं. तांबं वाया जात नाही हे उत्तम आहे. वायर जाळून ते काढलं जातं तिथे विषारी धूर होतो, तो थांबलाच पाहिजे. पण निर्लेखनाच्या यादीत प्रत्येक संस्थेने एक वाक्य घालावं असं मी निवृत्तीआधी लेखी सुचवलं होतं आणि आजही सुचवते: प्रत्येक जातीच्या कनेक्टरची एक नर-मादी जोडी काढून घ्यावी, प्लायवूडच्या फळ्यावर लावावी, खाली साल आणि पिनांची संख्या लिहावी, आणि फळा वर्गात टांगावा, कपाटात नव्हे. मुलांना हात लावता आला पाहिजे.

मी स्वतः असा एक फळा तयार केलाय. त्यावर पाव इंची जॅक आहे, पी-एट आणि पी-नाइन आहेत, पिळाची फ्लॉपी पट्टी आहे, छत्तीस पिनी सेंट्रॉनिक्स दोन्ही बाजूंचा आहे. बीएनसीचं टर्मिनेटर मात्र मिळत नाही. लॅमिंग्टन रोडला विचारून झालं. जुन्या दुकानदारांनी खण उपसून बघितले आणि सीसीटीव्हीवाल्यांकडे चौकशी करायला सांगितलं. ते दाखवतात ते पंचाहत्तर ओहमचं असतं. कुणाच्या माळ्यावर जुन्या नेटवर्कच्या सामानात असेल तर मला पन्नासचं हवं आहे. मल्टिमीटरची एक कांडी मधल्या पिनेला आणि दुसरी बाहेरच्या कवचाला लावली की लगेच कळतं.